पिकअप ट्रकमधील पुढच्या चाकाचा आवाज

पिकअप ट्रकमधील पुढच्या चाकाचा आवाज हे एका विशिष्ट बिघाडाचे नाव नसून अनेक बिघाडांचे समान लक्षण आहे. चाकाचे बेअरिंग, टायर, ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे आणि पाट्यांचे बुश यांपैकी कोणत्याही भागातील दोष चालकाला जवळपास एकाच जागेवरून ऐकू येतो. आवाज कसा आहे यापेक्षा तो केव्हा बदलतो, म्हणजे वेग वाढल्यावर, वळणावर, ब्रेक दाबल्यावर की खड्ड्यात चाक गेल्यावर, यावरून त्याचे मूळ अधिक खात्रीने ठरवता येते. हा क्रम न पाळता थेट बेअरिंग बदलले, तर पुष्कळदा खर्च होऊनही आवाज कायम राहतो. उलट, खराब बेअरिंगचा आवाज टायरचा समजून दुर्लक्षित झाला, तर धावत्या वाहनाचे चाक निखळण्यापर्यंत परिणाम होऊ शकतो.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात शेतमाल, खते, बियाणे, जनावरे आणि किराणा यांची वाहतूक मोठ्या प्रमाणावर पिकअप व लहान मालवाहू गाड्यांतून होते. महिंद्रा बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, टाटा इंट्रा, अशोक लेलँड दोस्त आणि बोलीत ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखली जाणारी, २००५ मध्ये बाजारात आलेली टाटा एस ही त्यांतील परिचित नावे होत. अमरावती जिल्ह्यातील धामणगाव रेल्वे हे तालुक्याचे ठिकाण कापूस, सोयाबीन आणि तूर या पिकांच्या पट्ट्यात आहे. येथील रस्ते, माती आणि हंगाम यांचा चाकांच्या बिघाडांशी असलेला संबंध या लेखात स्वतंत्रपणे दिला आहे.

रचना

बहुतेक भारतीय पिकअप गाड्यांमध्ये इंजिनाची शक्ती मागच्या चाकांना मिळते. पुढची चाके केवळ वजन पेलतात, दिशा देतात आणि ब्रेकचा मोठा वाटा उचलतात. त्यामुळे पुढच्या आसावर शक्तिवाहक दांडे आणि त्यांचे सांधे नसतात. मोटारगाड्यांच्या बाबतीत वळणावरील ‘कट-कट’ आवाज या सांध्यांचा मानला जातो. तो निष्कर्ष मागच्या चाकांवर चालणाऱ्या पिकअपला लागू पडत नाही. चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या मोजक्या गाड्या मात्र याला अपवाद आहेत.

पुढचे चाक हबवर बसवलेले असते आणि हब स्टब ॲक्सल या स्थिर दांड्याभोवती फिरतो. हब आणि दांडा यांच्यामध्ये जुन्या व मजबूत रचनेत दोन निमुळते रोलर बेअरिंग असतात. आतल्या बाजूचे मोठे, तर बाहेरच्या बाजूचे लहान. हबमध्ये घट्ट बसणाऱ्या बाह्य कड्याला गॅरेजमध्ये ‘कप’ आणि रोलरसह येणाऱ्या आतील भागाला ‘कोन’ म्हणतात. आतल्या बाजूला ऑइल सील असते. ते ग्रीस बाहेर जाऊ देत नाही आणि पाणी व धूळ आत येऊ देत नाही. बाहेरच्या बाजूने एक नट, त्यावरील स्प्लिट पिन आणि ग्रीस कॅप अशी बांधणी असते. या नटाच्या कसण्यावर बेअरिंगमधील सूक्ष्म मोकळीक ठरते. काही नव्या गाड्यांत याऐवजी कारखान्यातच ग्रीस भरून बंद केलेले बेअरिंग किंवा पूर्ण हब-संच येतो आणि त्यात अशी जुळवणी करावी लागत नाही.

निमुळत्या रोलर बेअरिंगचा उगम मोटारीत नव्हे, तर घोडागाडीत आहे. अमेरिकेतील सेंट लुईस येथे घोडागाड्या बनवणारे हेन्री टिमकेन यांना १८९८ मध्ये या बेअरिंगसाठी पेटंट मिळाले. वळण घेताना चाकावर बाजूने येणारा दाब साध्या बेअरिंगला पेलवत नसे. रोलर आणि कडे निमुळते केल्याने वरून येणारे वजन व बाजूचा दाब एकाच वेळी पेलणे शक्य झाले. वऱ्हाडातील बैलबंडीत हा प्रश्न लोखंडी आस, तुंबा आणि त्यांच्यामध्ये वेळोवेळी घातले जाणारे वंगण यांवर सोडवलेला होता. वंगण आटले की बंडी करकरू लागे. मराठीत गाडीच्या आसाला लावण्याच्या स्निग्ध पदार्थासाठी रूढ असलेला हा शब्द पुढे सर्व यंत्रांसाठी वापरला जाऊ लागला.

पुढच्या चाकांवरील भाराला आधार देण्याची पद्धत सर्व गाड्यांत एक नाही. टाटा एससारख्या गाडीत पुढे अखंड आस आणि पाटे असतात. काही पिकअपमध्ये दोन्ही चाकांचे निलंबन स्वतंत्र असते. पहिल्या प्रकारात किंगपिन व पाट्यांचे बुश झिजतात, दुसऱ्या प्रकारात बॉल जॉइंट व कंट्रोल आर्मचे बुश. तपासणीपूर्वी गाडी कोणत्या प्रकारची आहे हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

आवाजाचे प्रकार आणि त्यांची कारणे

सलग गुणगुण किंवा घरघर हा बेअरिंगच्या बिघाडाचा नेहमीचा आवाज आहे. तो साधारण ताशी ३० ते ४० किलोमीटरपासून जाणवू लागतो आणि वेगाबरोबर वाढतो. गिअर बदलला किंवा इंजिनाचे फेरे कमी-जास्त झाले, तरी त्यात फरक पडत नाही. कड्याच्या पृष्ठभागावरील धातूचे बारीक पापुद्रे निघून तेथे खळगे पडतात आणि प्रत्येक रोलर त्यावरून जाताना धक्का बसतो. हे धक्के इतक्या जलद येतात की कानाला त्यांची एकसंध घरघर ऐकू येते.

टायरचा आवाज याच्याशी इतका मिळताजुळता असतो की अनुभवी मिस्त्रीही फसतो. चाकांचे अलाइनमेंट बिघडले की टायरच्या खाचा एका दिशेने करवतीच्या दात्यांसारख्या झिजतात. शॉक ॲब्सॉर्बर निकामी झाला किंवा चाकाचे बॅलन्सिंग बिघडले, तर टायरवर ठिकठिकाणी खोलगट चट्टे पडतात. असा टायर डांबरी रस्त्यावर एक, तर काँक्रीटवर दुसराच आवाज करतो. बेअरिंगचा आवाज रस्त्याच्या पृष्ठभागाप्रमाणे सहसा बदलत नाही. टायरमधील पट्टा सुटून फुगवटा आला असेल, तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक ठोका ऐकू येतो. सुमारे ७० सेंटिमीटर व्यासाचे चाक एका फेऱ्यात २.२ मीटर जाते, म्हणजे ताशी २० किलोमीटर वेगाला सेकंदाला साधारण अडीच ठोके पडतात. हे ठोके मोजता येण्याजोगे असल्याने त्यांची घरघरीशी गल्लत होण्याचे कारण नाही.

ब्रेकचे आवाज वेगळे असतात. डिस्क ब्रेकच्या अनेक लायनरना एक पातळ पत्र्याची जीभ असते. लायनर झिजून दोन-तीन मिलिमीटर उरला की ती डिस्कला टेकते आणि तीक्ष्ण ‘चीं’ आवाज करते. ही मुद्दाम केलेली सूचना असते. ती दुर्लक्षित झाल्यास लायनरची लोखंडी पाठ डिस्कवर घासू लागते आणि आवाज खरखरीत होतो. कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजून अडकल्या, तर ब्रेक न दाबताही लायनर डिस्कला चिकटून राहतो. अशा वेळी गाडी एका बाजूला ओढते आणि ते चाक तापते.

डिस्क आणि तिच्यामागील पत्र्याचे संरक्षक आवरण यांच्यामध्ये अडकलेली गिट्टी हे सर्वांत भयावह ऐकू येणारे आणि सर्वांत निरुपद्रवी कारण होय. कच्च्या किंवा नुकत्याच खडीकरण झालेल्या रस्त्यावरून आल्यावर अचानक सुरू झालेली किरकिर बहुधा या प्रकारची असते. गाडी थोडी मागे-पुढे केल्यावर खडा कधी आपोआप पडतो, नाहीतर पत्रा किंचित वाकवून काढावा लागतो.

खड्ड्यात किंवा गतिरोधकावर येणारी ‘टक्-टक्’ अथवा खडखड ही चाक फिरण्याशी नव्हे, तर वर-खाली होण्याशी संबंधित असते. बॉल जॉइंट, टाय रॉडचे टोक, किंगपिन, पाट्यांचे बुश व शॅकल, शॉक ॲब्सॉर्बरचे बुश यांपैकी काहीतरी सैल झालेले असते. चाकाचे नट सैल असतील, तर गाडी सुटताना आणि थांबताना धातूचा ठोका ऐकू येतो. हे कारण तपासायला एक पाना आणि दोन मिनिटे पुरतात, आणि ते धोकादायकही असते. त्यामुळे कोणत्याही तपासणीची सुरुवात नटांपासून करणे योग्य.

वऱ्हाडातील परिस्थिती

धामणगाव रेल्वे हे मध्य रेल्वेच्या वर्धा–बडनेरा मार्गावरील स्थानक आहे. अमरावती जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरून वाहणारी वर्धा नदी येथून फार दूर नाही. परिसरातील जमीन दख्खनच्या बेसॉल्ट खडकापासून तयार झालेल्या काळ्या मातीची आहे. या मातीतील चिकणमाती पाण्याने फुगते आणि वाळल्यावर भेगाळते. तिच्यावरचे रस्ते पावसाळ्यात दबतात व उन्हाळ्यात तडकतात. शेतापर्यंतच्या पांदण रस्त्यांवर ही अडचण सर्वाधिक असते. पावसाळ्यात चाकाच्या रिमच्या आतील बाजूस चिकटलेला काळा चिखल वाळून घट्ट होतो आणि चाकाचा तोल जातो. त्यामुळे स्टिअरिंग थरथरते. बेअरिंग किंवा बॅलन्सिंगचा संशय घेण्यापूर्वी रिमची आतली बाजू धुऊन पाहावी लागते ती यासाठी.

बेअरिंगच्या दृष्टीने चिखलापेक्षा पाणी अधिक घातक आहे. ब्रेकमुळे तापलेला हब नाल्याच्या थंड पाण्यात गेला की आतली हवा आकुंचन पावते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. सील नवे असेल तर हा धोका थोडा असतो. कडक झालेल्या किंवा ओठ झिजलेल्या सीलमधून मात्र पाणी सहज शिरते. ग्रीस दुधाळ, पांढरट होते, त्याचा थर तुटतो आणि रोलर जेथे टेकलेले असतात तेथे गंजाच्या रेघा उमटतात. गाडी काही दिवस उभी राहिल्यास या रेघा अधिक खोल होतात. यामुळे पावसाळ्यात पाण्यातून गेलेल्या बेअरिंगचा आवाज त्याच वेळी न येता काही आठवड्यांनी, कापूस वेचणीच्या तोंडावर, ऐकू येऊ लागणे हे स्वाभाविक आहे. हंगामात गाडी दोन दिवस उभी ठेवणे मालकाला परवडत नाही आणि आवाज अंगावर काढला जातो.

शेतात गाडी नेल्यावर हबच्या आतील बाजूस सुतळी किंवा काड्या गुंडाळल्या जातात व सीलचा ओठ कापतात. पऱ्हाटी कापल्यानंतर उरलेले खुंट टायरला इजा करतात. या दोन्ही गोष्टी गाडी उचलून पाहिल्याशिवाय दिसत नाहीत.

विदर्भातील उन्हाळा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो आणि ग्रीस ‘उन्हाने वितळते’ असा समज आढळतो. चाकांसाठीच्या लिथियम ग्रीसचा द्रवणबिंदू सुमारे १८० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक असतो, त्यामुळे केवळ हवेतील उष्णतेने ते वितळत नाही. हबमधून ग्रीस पातळ होऊन गळत असेल, तर अडकलेला ब्रेक, अति घट्ट कसलेला नट किंवा चुकीचे ग्रीस यांपैकी एक कारण शोधावे लागते.

हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे महाराष्ट्र समृद्धी महामार्ग धामणगाव रेल्वे तालुक्यातून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. गावरस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरने चालणाऱ्या गाडीत बेअरिंगची सुरुवातीची गुणगुण ऐकू येत नाही. तीच गाडी या मार्गावर तासभर एका वेगाने चालली की आवाज उघड होतो, आणि दोष मार्गाला किंवा वेगाला दिला जातो. प्रत्यक्षात बेअरिंग आधीच खराब झालेले असते. सलग वेगामुळे त्याला थंड व्हायला उसंत मिळत नाही, म्हणून आरंभीचा बिघाड अशा प्रवासात झपाट्याने वाढतो.

भाराच्या परिणामाबद्दल थोडे तारतम्य आवश्यक आहे. रोलर बेअरिंगचे आयुर्मान भाराच्या सुमारे ३.३३ व्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. भार सव्वापट झाला की अपेक्षित आयुर्मान निम्म्याहून किंचित कमी होते, दुप्पट झाला की साधारण एक दशांशावर येते. परंतु बॉनेट असलेल्या पिकअपमध्ये जादा मालाचा बहुतांश भार मागच्या आसावर पडतो आणि माल मागे लोंबत असेल तर पुढची चाके उलट हलकी होतात. चालकाचे आसन पुढच्या चाकांवर असलेल्या लहान गाड्यांत पुढच्या आसाचा वाटा तुलनेने मोठा असतो. पुढच्या बेअरिंगला जादा मालाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, त्रास बाहेर काढलेल्या रुंद रिमचा होतो. चाकाचा मध्य बाहेर सरकल्याने भाराची रेषा दोन बेअरिंगांच्या मधून न जाता बाहेर ढळते आणि बाहेरच्या लहान बेअरिंगवर ताण येतो.

निदान

निदानाचा पहिला भाग रस्त्यावर आणि दुसरा गाडी उचलून केला जातो. रस्त्यावरील चाचणी मोकळ्या, सपाट मार्गावर, मालाविना आणि बेताच्या वेगात करावी, असा संकेत आहे. आवाज ऐकू येत असताना क्लच दाबून गिअर न्यूट्रल केला आणि आवाज तसाच राहिला, तर इंजिन व गिअरबॉक्स वगळता येतात. या चाचणीत इंजिन बंद करू नये, कारण त्यामुळे ब्रेक व स्टिअरिंगला मिळणारे साहाय्य थांबते.

त्यानंतर हलकेच उजवीकडे व डावीकडे वळण घेतले जाते. गाडी उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकांवर झुकते. त्या वेळी घरघर वाढली, तर संशय डाव्या बेअरिंगवर जातो. डावीकडे वळताना वाढली, तर उजव्यावर. चालकाच्या कानाला जी बाजू वाटते तिच्यापेक्षा ही खूण अधिक विश्वसनीय आहे, कारण आवाज चॅसिसमधून प्रवास करून भलत्याच बाजूला जाणवतो. दोन्ही वळणांवर काहीच फरक पडत नसेल, तर टायर तपासण्याकडे वळावे लागते. टायरवरून तळहात एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवला असता एका दिशेला गुळगुळीत व दुसऱ्या दिशेला खरखरीत लागले, तर झीज अलाइनमेंटची आहे. पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे बसवून तोच रस्ता पुन्हा चालणे ही यावरची निर्णायक चाचणी होय. आवाज मागे गेला तर टायर दोषी, जागीच राहिला तर बेअरिंग. मात्र पुढच्या-मागच्या टायरांचा आकार सारखा असला तरच ही अदलाबदल करता येते.

ब्रेक हलका दाबल्यावर आवाज थांबला किंवा सुरू झाला, तर कारण ब्रेकमध्ये शोधावे. प्रवासानंतर दोन्ही पुढच्या हबची उष्णता ताडून पाहणेही उपयोगी असते. त्यासाठी हाताची मागची बाजू हबजवळ, स्पर्श न करता, नेली जाते. डिस्क भाजण्याइतकी तापलेली असू शकते. एका बाजूचा हब दुसऱ्याहून स्पष्टपणे गरम असेल, तर अडकलेला ब्रेक किंवा बिघडलेले बेअरिंग यांपैकी एक कारण असते.

गाडी उचलताना मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट लावली जाते आणि जॅकने उचलल्यावर भार मजबूत स्टँडवर घेतला जातो. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली हात किंवा डोके घालणे अत्यंत धोक्याचे आहे. विटा आणि दगडांचा आधारही वर्ज्य मानला जातो, कारण वीट भाराखाली एकाएकी फुटते.

उचललेले चाक घड्याळातील बारा व सहाच्या स्थानी धरून आत-बाहेर हलवले जाते. यात ढिलाई, गॅरेजच्या भाषेत ‘प्ले’, जाणवल्यास दोष बेअरिंगचा असतो किंवा बॉल जॉइंट अथवा किंगपिनचा. दोहोंतील फरक ओळखण्याची युक्ती सोपी आहे. दुसऱ्या माणसाने ब्रेकचे पेडल दाबून धरले की हब आणि त्यामागील नकल एकमेकांना जखडले जातात. आता ढिलाई नाहीशी झाली तर ती बेअरिंगमध्ये होती, कायम राहिली तर ती त्याच्या पलीकडच्या सांध्यात आहे. ही एक चाचणी केली असता अनावश्यक बेअरिंगबदल मोठ्या प्रमाणात टळतो. चाक तीन व नऊच्या स्थानी धरल्यावरच हलत असेल, तर टाय रॉडची टोके आणि स्टिअरिंग बॉक्स पाहिले जातात.

ढिलाई नसणे म्हणजे बेअरिंग चांगले असणे नव्हे. बंद प्रकारचे बेअरिंग मोठा आवाज करत असतानाही हाताला घट्ट लागू शकते. त्यामुळे चाक हाताने सावकाश फिरवून दुसरा हात निलंबनाच्या स्प्रिंगवर किंवा पाट्यांवर ठेवला जातो. खराब बेअरिंगची खरखर तेथे बोटांना जाणवते. नकलवर लांब पेचकस टेकवून त्याची मूठ कानाशी धरण्याची जुनी पद्धतही उपयुक्त आहे, पण ती फक्त हाताने फिरवलेल्या चाकावर वापरावी. दोन्ही बाजूंची तुलना केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

वाहन केव्हा थांबवावे

लायनरची चीं, टायरची घरघर किंवा अडकलेला खडा यांमुळे गाडी गॅरेजपर्यंत नेता येते. खडखडीत घरघरीसोबत चाकात ढिलाई, हबमधून जळक्या ग्रीसचा वास, गळणारे काळे ग्रीस किंवा स्टिअरिंगमध्ये भटकणे आढळले, तर गाडी जागीच थांबवणे आवश्यक असते. बिघडत जाणाऱ्या बेअरिंगमध्ये रोलरना समान अंतरावर ठेवणारा पिंजरा तुटतो, रोलर आडवे होतात, उष्णता वाढते आणि कोन स्टब ॲक्सलवर अक्षरशः चिकटून फिरू लागतो. त्यानंतर दांडा झिजतो किंवा मोडतो आणि चाक हबसह सुटते. काही बेअरिंग महिनोन्महिने आवाज करत चालतात, तर काही एका दिवसात निकामी होतात. आवाजाच्या तीव्रतेवरून उरलेले आयुष्य सांगता येत नाही.

मालवाहू वाहनास मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. आठ वर्षांपर्यंतच्या वाहनांसाठी ते दोन वर्षांनी, त्यापुढे दरवर्षी नूतनीकृत केले जाते. दोन तपासण्यांमधील काळात चाकांची जबाबदारी मालक व चालकावरच असते. शेतमजुरांना मालवाहू गाडीतून नेणे कायद्याने निषिद्ध असले तरी ग्रामीण भागात ते घडते. अशा गाडीचे चाक निखळल्यास हानी केवळ मालाची राहत नाही.

दुरुस्ती

जुळवणी करता येणाऱ्या निमुळत्या बेअरिंगची दुरुस्ती मोठ्या यंत्रांशिवाय होऊ शकते, परंतु तिच्यातील शेवटची पायरी सर्वांत नाजूक आहे. चाक आणि कॅलिपर काढल्यावर कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबत न ठेवता तारेने बांधून ठेवतात. ब्रेकची धूळ हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते, म्हणून ती ओल्या फडक्याने पुसली जाते. ग्रीस कॅप, स्प्लिट पिन व नट काढल्यावर हब बाहेर येतो.

काढलेले भाग केरोसीनमध्ये धुऊन, पुसून उजेडात पाहिले जातात. कड्यांवरील पापुद्रे निघालेले खळगे, रोलरच्या अंतराने पडलेल्या रेघा, निळसर किंवा तपकिरी झालेला धातू आणि गंज यांपैकी काहीही दिसल्यास तो बेअरिंग-संच टाकून दिला जातो. निळेपणा अति उष्णतेची खूण आहे. ती दिसल्यास बेअरिंग बदलून थांबता येत नाही, उष्णतेचे कारणही शोधावे लागते. स्टब ॲक्सलवर कोन फिरल्याच्या खुणा किंवा खोबण असल्यास तोही बदलावा लागतो. धुतलेले बेअरिंग हवेच्या दाबाने गरगर फिरवण्याची गॅरेजमधील सवय घातक आहे. वंगणाविना फिरणाऱ्या रोलरना इजा होते आणि एखादा रोलर उडून लागू शकतो.

कप व कोन नेहमी जोडीने बदलले जातात. जुन्या कपमध्ये नवा कोन बसवणे ही काटकसर महागात पडते, कारण जुन्या कपवरची झीज नव्या रोलरना लागते. कप हबमध्ये पितळी दांड्याने कडेकडेने, एकसारखे ठोकत किंवा प्रेसने बसवला जातो. तो तळाला टेकला की ठोक्याचा आवाज भरीव होतो. कप तिरका किंवा अर्धवट बसला, तर काही दिवसांत तो स्वतःची जागा शोधतो आणि सगळी जुळवणी सैल पडते. धातूचा घण थेट कड्यावर मारणे निषिद्ध आहे.

ग्रीस भरताना कोन तळहातावरील ग्रीसच्या गोळ्यावर कडेने दाबला जातो, जोवर ते रोलरांमधून दुसऱ्या बाजूने बाहेर येत नाही. नुसते वरून चोपडलेले ग्रीस पिंजऱ्याच्या आत पोचत नाही. दोन वेगळ्या प्रकारचे ग्रीस मिसळल्यास ते पातळ होऊ शकते, म्हणून जुने पूर्णपणे काढले जाते. हबची पोकळी ग्रीसने ठासून भरणेही अयोग्य आहे, कारण तापल्यावर ते सीलबाहेर येऊन ब्रेकवर पसरते. नवे ऑइल सील प्रत्येक वेळी वापरावे. त्याची किंमत बेअरिंगच्या तुलनेत किरकोळ आणि त्याच्यामुळे होणारे नुकसान मोठे असते.

त्यानंतर नट कसण्याची पायरी येते. हब हाताने फिरवत नट बेताच्या जोराने कसला जातो, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. मग नट पूर्ण सैल करून केवळ बोटांच्या जोराने पुन्हा टेकवला जातो. स्प्लिट पिनचे छिद्र जुळत नसेल तर नट किंचित सैल करून जुळवतात, अधिक कसून नव्हे. योग्य जुळवणीत हबला आत-बाहेर अगदी थोडी मोकळीक राहते. ती सामान्यतः ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटर असते आणि डायल गेजने मोजली जाते. निश्चित आकडा निर्मात्याच्या पुस्तिकेत पाहावा लागतो. चाकाचे इतर नट जसे जोरात आवळतात तसाच हा नटही आवळण्याकडे कल असतो, कारण घट्ट चाक हाताला ‘पक्के’ वाटते. प्रत्यक्षात अति घट्ट बेअरिंग सैल बेअरिंगपेक्षा लवकर जळते. सैल बेअरिंग निदान आवाज करून सांगते, घट्ट बेअरिंग कधी कधी काहीच न सांगता तापते. स्प्लिट पिन नवी घालून तिची टोके वाकवली जातात. जुनी पिन किंवा तारेचा तुकडा वापरू नये.

बंद प्रकारच्या बेअरिंगला प्रेस लागतो. नकलमध्ये बसवताना दाब बाह्य कड्यावर आणि हब बसवताना आतील कड्यावर द्यावा लागतो. उलट केल्यास दाब गोळ्यांमधून जाऊन नवे बेअरिंग बसवतानाच खराब होते. एबीएस असलेल्या काही गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूस चुंबकीय कडे असते आणि ती बाजू सेन्सरकडे यावी लागते. या प्रकारात मधला नट निर्मात्याने दिलेल्या टॉर्कला कसला जातो, अंदाजाने नव्हे.

इतर कारणांची दुरुस्ती सरळ असते. लायनर दोन्ही चाकांचे एकदम बदलतात. कॅलिपरच्या पिना स्वच्छ करून उष्णता सहन करणारे ग्रीस लावतात. बॉल जॉइंट किंवा टाय रॉडचे टोक बदलल्यानंतर अलाइनमेंट केले नाही, तर काही हजार किलोमीटरमध्ये नवा टायर पुन्हा गुणगुणू लागतो.

दुरुस्तीनंतरची चाचणी

चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, प्रथम हलके आणि गाडी जमिनीवर उतरवल्यावर टॉर्क पान्याने पूर्ण कसले जातात. गाडी हलवण्यापूर्वी ब्रेकचे पेडल कडक लागेपर्यंत दाबावे लागते, कारण कॅलिपरचा पिस्टन मागे ढकललेला असल्यास पहिल्या दाबाला ब्रेक लागत नाही. साधारण दहा किलोमीटर चालवल्यावर दोन्ही हबची उष्णता पुन्हा ताडून पाहिली जाते. दुरुस्त केलेला हब स्पष्टपणे अधिक गरम असल्यास नटाची जुळवणी तपासली जाते. ५० ते १०० किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा कसले जातात आणि बारा-सहाच्या स्थानी ढिलाई आहे का, हे पाहिले जाते. नवा कप पूर्ण बसलेला नसेल तर ते याच वेळी लक्षात येते.